खरात सरांची कॉफी

खरात सर चहा पीत नसत. बदनापूर स्टेशनापासून कोसभर आत असलेल्या एका गावच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झालो. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत नारायण शिपायानं किटली आणली, टेबलावर कप मांडले, आणि खरात सर उठून व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी मागोमाग जाऊन विचारलं, तर म्हणाले, "मला पित्ताचा त्रास हाय. चहा चालत न्हाई."

मी ते खरं मानलं. पुढं दोन वर्षं मानत राहिलो. कपाटामागच्या खिडकीत कान तुटलेला एक कप कायम पालथा असायचा. तो कुणासाठी, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे ठाऊक नव्हतं, असं मात्र आता म्हणवत नाही.

सर विज्ञान शिकवायचे. उंच, काटकुळे, शर्टाची गळ्यापासची गुंडीसुद्धा लावलेली. कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी ते तिला हाताच्या पाठीनं स्पर्श करायचे. विजेची कामं करून करून लागलेली ती सवय होती; खुर्चीलाही तसाच हात लावून मग बसायचे. आणि प्रत्येक गोष्टीला त्यांचा एकच सवाल असायचा, "कशानं?" पोरगं म्हणायचं, सर, उशीर झाला. "कशानं?" गाडी लेट होती. "कशानं?" इंजिनात पाणी भरत होते. "मंग आधी का न्हाई भरलं? कशानं?" पोरगं बिचारं रेल्वेच्या कारभाराची उत्तरं शोधत उभं राहायचं आणि वर्ग हसायचा. पोरं त्यांना 'कशानं सर'च म्हणायची. त्यांना ते माहीत होतं.

नवीन वस्तू त्यांनी आयुष्यात घेतली असेल असं वाटत नाही. रेडिओ जुना, घड्याळ जुनं, पुस्तकं तर सगळी कुणाकुणाची नावं खोडलेली. 'सेकंडहँड' हा शब्द त्यांना आवडत नसे. "वापरलेली म्हणा, सर. वापरलेल्या वस्तूनं आपली खोड आधीच कुणाला तरी दाखवलेली असती. नव्या वस्तूचं आपल्याला काहीच ठाऊक न्हाई." जुनी वस्तू घेताना ते ती उलटी करायचे, हलवून आवाज ऐकायचे आणि मग हुंगायचे. जळक्या तारेचा वास वर्षभर राहतो, म्हणायचे.

म्हणूनच पंखा घ्यायला मी त्यांना जालन्याला नेलं. जालन्यात बरीच वर्षं राहिलेल्या एक गोऱ्या डॉक्टरीणबाई आपल्या देशी परत निघाल्या होत्या आणि घरातलं सामान विकत होत्या, असं कुणीतरी सांगितलं. दुष्काळ उलटून दोन वर्षं झाली होती आणि माझं नवीन लग्न झालेलं होतं. मला टेबलफॅन हवा होता.

पंखा सरांनी दोन मिनिटांत पाहिला. "घ्या. बेरिंग वाजतंय, पण चालंल." आणि ते स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले ते थांबलेच. ओट्यावर एक उभं, चकाकणारं यंत्र होतं. पितळी बंबावर चांदीसारखं पाणी चढवलेलं, पुढं एक तोटी, मागं विजेची वायर आणि डोक्यावर वर-खाली करायचा लांब दांडा. शेजारी लाकडी पेटीची हातानं फिरवायची चक्की, खाली इवलासा खण असलेली.

"हे काय हो बाई?" मी विचारलं.

बाईंच्या आधी सरच म्हणाले, "कॉफीचं मशीन. एस्प्रेसो."

एस्प्रेसो म्हणजे मला हैदराबादकडच्या एका लग्नात प्यायलेली, वाफेनं फसफसवलेली गोड दुधाची कॉफी ठाऊक होती. सर म्हणाले, ती निराळी, ही निराळी. औरंगाबादला कॉलेजात असताना त्यांना दक्षिणेकडचे एक प्रोफेसर होते. ते दर रविवारी सरांना घरी बोलवायचे. आपल्या हातानं कॉफी करून द्यायचे आणि मग दोघं तास-तास बोलत बसायचे. "खुर्चीवर बसवायचे हो. समोरासमोर," सर मला म्हणाले. एवढंच. कॉफीच्या चवीबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना एक कप काढून दिला. सर उभ्याउभ्याच प्यायले आणि म्हणाले, "बाई, उघडून बघू का?" बाई हसल्या. त्यांचं मराठी संथ पण स्वच्छ होतं. "सकाळी एक व्यापारी आले होते. त्यांना हे दिवाणखान्यात ठेवायचं होतं. त्यांनी उघडून पाहिलं नाही."

सरांनी पेचकस मागून घेतला, तळ उघडला, हुंगलं. बाईंनी रबराच्या दोन कड्या कागदात गुंडाळून त्यांच्या हातावर ठेवल्या. "या शेवटच्या. इथं मिळणार नाहीत. आणि हे रोज वापरायचं. पडून राहिलं की रबर सुकतं, मग काही उपयोग नाही." सर म्हणाले, "रोज वापरीन." मशीन आणि चक्की, दोन्ही त्यांनी घेतली. सायकलीसाठी साठवलेले पैसे त्यात गेले, आणि पुढं शाळा सुटेपर्यंत, म्हणजे त्यांची शाळा सुटेपर्यंत, ते स्टेशनापासून कोसभर पायीच येत राहिले.

परतताना पॅसेंजरमध्ये त्यांनी मशीन मांडीवरच ठेवलं. समोरच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, हॉटेल टाकून राह्यले का?"

"न्हाई. घरी."

"घरी किती माणसं?"

"चार."

म्हातारा हसला. "चार माणसांला एवढं इंजिन?"

"येतील की माणसं," सर म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

सरांचं घर बदनापूर स्टेशनापलीकडच्या वस्तीत होतं. शाळेच्या गावात त्यांना खोली मिळाली नव्हती. सर बौद्ध. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली, त्या वेळी सर शाळेत होते. वस्तीत विजेचा दिवा फक्त त्यांच्याकडे होता. तीन वर्षं अर्ज करकरून तो त्यांनी आणलेला. सिकंदराबादकडून येणाऱ्या एका गार्डाकडून ते कच्चे कॉफीचे दाणे मागवायचे. त्यांच्या पत्नी, कमळाबाई, ते लोखंडी तव्यावर भाजायच्या. वास वस्तीभर सुटायचा. कमळाबाई मोजकं बोलायच्या पण नेमकं. एकदा भाजता भाजता मला म्हणाल्या, "भावजी, ह्यांनी सगळ्या मास्तरांला बोलावलंय रविवारी. येणार हायत का सगळे?"

मी म्हणालो, "येतील."

"तुम्ही म्हनता म्हनून दूध जास्तीचं घेते."

शाळेत आम्ही अकरा जण होतो. सरांनी प्रत्येकाला स्वतः जाऊन सांगितलं. सगळे 'हो' म्हणाले. नारायणसुद्धा 'येतो की' म्हणाला.

त्या रविवारी मी पोचलो तेव्हा अंगण सारवलेलं होतं. बुद्धाच्या तसबिरीखाली टेबलावर मशीन आणि अकरा लहान कप. खुर्च्या वेगवेगळ्या घरांतून आणलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. चित्रकलेचे शेख सर आधीच येऊन बसले होते. थोड्या वेळानं हेडमास्तर आले. म्हणजे अंगणाच्या कडेपर्यंत आले. पायातले जोडे त्यांनी काढले नाहीत.

"खरात, आज संकष्टी. राजूरला निघालोय गणपतीला. बस चुकंल."

"उपासाला कॉफी चालती, सर. एकच कप. दोन मिनिटं."

"आल्यावर बघू की. मशीन कुठं पळून जातंय का?" ते हसले आणि गेले. राजूरला ते खरंच गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला सगळ्यांना प्रसाद दिला. सरांनाही दिला, वरून, हातावर सोडून.

आणखी कुणी आलं नाही. सर दर दहा मिनिटांनी दारात जाऊन रस्ता पाहायचे आणि परत येऊन मशीनला हाताची पाठ लावायचे. शेवटी कमळाबाई आतून म्हणाल्या, "आलेत त्यांला तरी द्या. बंब किती वेळ तापवता?"

सरांनी दाणे दळले, पूड दाबून बसवली, दांडा सावकाश खाली ओढला. काळी, दाट धार कपात पडली. ते करताना त्यांचा चेहरा मी पाहिला. वर्गात प्रयोग बरोबर आला की असायचा, तसाच.

शेख सर तीन कप प्यायले. "वा जनाब! हे तर दवा बी हाय अन् दारू बी!" म्हणाले. मी एक घोट घेतला. इतकी कडू वस्तू मी तोवर तोंडात घेतली नव्हती. कशीबशी अर्धी प्यायलो, बोलता बोलता कप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

सरांनी पाहिलं. माझ्याकडे नाही, कपाकडे. मग तो उचलून आत घेऊन गेले. आतून भांडं विसळल्याचा आवाज आला. बाहेर आले आणि शेख सरांशी रेडिओबद्दल बोलू लागले.

मला सांगता आलं असतं, की साखर टाका, मला कडू लागली. साधी गोष्ट होती. पण त्या घरात, त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून ते तोंडातून निघेना. सबबच वाटली असती. आणि खरं सांगायचं तर, ती नुसती कडूच लागली होती का, याची खात्री मला आजही देता येत नाही. टेंभुर्णीच्या आमच्या घरात मी जसा वाढलो होतो, त्यातलं किती त्या घोटाबरोबर घशाशी आलं होतं, कोण जाणे.

पुढच्या हिवाळ्यात तपासणीला साहेब येणार होते. साहेब कॉफीचे शौकीन, अशी खबर हेडमास्तरांना लागली. त्यांनी सरांना बोलावलं. मी तिथंच हजेरीपट लिहीत होतो.

"खरात, तुमचं ते मशीन उद्या शाळेत आणा. प्रयोगशाळेत लावा. तुम्ही कॉफी काढा, नारायण आत घेऊन येईल."

"मीच आणून देतो की, सर."

"तुम्ही कशाला ट्रे घेऊन फिरता? शिक्षक माणूस. बरं दिसत न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे मशीन पोत्यात बांधून, डोक्यावर घेऊन ते कोसभर चालत आले. चक्की कमळाबाईंनी आणली आणि त्या फाटकातूनच परत गेल्या.

साहेब हेडमास्तरांच्या खोलीत बसले होते. आम्ही चार-पाच शिक्षक भिंतीला लागून उभे. दार उघडलं आणि ट्रे घेऊन खरात सर स्वतः आत आले. मागं नारायण, हात रिकामे. साहेबांनी एक घोट घेतला, डोळे मोठे केले. "अरे! अशी कॉफी इथं? कुणी केली?"

हेडमास्तर म्हणाले, "आमच्या नारायणनं, साहेब. तरबेज हाय."

सर ट्रे छातीशी धरून उभे होते. म्हणाले, "न्हाई साहेब. मी केली. मशीन माझं हाय. दाणे माझ्या घरी भाजलेले हायत. मी खरात, विज्ञान शिकवतो."

साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं, मग सरांकडे. "असं का. छान, छान," म्हणाले. कप बशीत ठेवला आणि दाखलेवही मागवली. एक-एक दाखला वाचत गेले. कप तसाच राहिला. सर जागचे हलले नाहीत. बऱ्याच वेळानं साहेब न पाहताच म्हणाले, "हे घेऊन जा आता." भिंतीला लागून उभ्या असलेल्यांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. त्यांत मी होतो.

नंतर मी प्रयोगशाळेत गेलो. सर कप धुऊन पुसत होते. माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "कशानं, सर?"

"साहेब गोड पीत असतील बहुतेक," मी म्हणालो.

ते वळले. माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिले आणि "बराबर," म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला कधीच 'कशानं' असं विचारलं नाही.

जूनमध्ये त्यांची बदली झाली. गाव आमच्याच टेंभुर्णीकडचं, तीन कोसांवरचं. पण तिथं वीज नव्हती. आदेश कसा निघाला, कुणाच्या सांगण्यावरून, ते मला सिद्ध करता येणार नाही. हेडमास्तर निरोपाच्या भाषणात म्हणाले, खरातांसारखा हुशार माणूस खेड्यापाड्यांत जायला पाहिजे. शेख सर भाषण संपायच्या आधीच उठून गेले. मी बसून राहिलो आणि टाळ्याही वाजवल्या.

दीड वर्षानं, दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलेलो असताना, मी सरांकडे गेलो. जाताना मनाशी ठरवलं होतं, आज बोलायचंच. सर वस्तीतल्या एका खोलीत राहत होते. दाढीचे खुंट वाढलेले, पण गळ्याची गुंडी लावलेली. मला पाहून त्यांनी एकुलती एक खुर्ची पुढं केली आणि स्वतः पोत्यावर बसले. मी खुर्ची सोडून त्यांच्याशेजारी बसलो, तर संकोचले.

कोपऱ्यात लुगड्याच्या तुकड्याखाली मशीन झाकलेलं होतं.

"वीज आली का, सर?"

"आली. खांब गावापर्यंत आले. वस्तीचे दोन खांब पुढच्या साली, म्हणून राह्यले." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "म्या दोनदा तालुक्याला जाऊन आल्तो. आता न्हाई जात."

कमळाबाईंनी चुलीवर उकळलेली कॉफी पितळीत आणून दिली, गूळ घातलेली. मी सगळी प्यायलो. मग म्हणालो, "सर, त्या रविवारी मी तुमच्याकडं अर्धा कप ठेवला होता. मला कडू लागली होती. तेवढंच होतं. सांगायचं राहून गेलं."

सर पोत्याचा एक दोरा ओढत बसले होते. म्हणाले, "कडूच असती ती." मग दोरा तुटला तेव्हा, "जे आले न्हाईत, सर, त्यांचं मला बिलकुल काही वाटलं न्हाई. त्यांचं काय बघायचं? जो येतो, त्याच्याच कपाकडं ध्यान जातं माणसाचं. खोडच म्हणा माझी."

त्यांनीच विषय बदलला. उठून मशीनवरचा तुकडा काढला, तोटीत बोट घालून दाखवलं. "रबर वाळाया लागलंय. असंच पडून राह्यलं तर जाईल हे. तुम्ही जालन्याला घेऊन जाता का? गिऱ्हाईक बघा. पैशाचं राहू द्या, पण वापरणारं बघा. रोज पिणारं."

कमळाबाई चटकन म्हणाल्या, "चक्की बी द्या. एकटी ठेवून काय करू?" आणि चुलीकडे वळल्या.

मी मशीन घेऊन गेलो. जालन्यात महिनाभर फिरलो. हॉटेलवाले म्हणाले, एका वेळी एक कप, आम्हाला काय कामाचं? शेवटी कापडाच्या एका दुकानदारानं घेतलं आणि दुकानातल्या काचेच्या कपाटात मांडलं, शेजारी पितळी हत्तीची जोडी. पैसे मी मनिऑर्डरनं सरांना पाठवले आणि सोबत लिहिलं की, गिऱ्हाईक चांगलं मिळालं, घरातली सगळी माणसं रोज सकाळी कॉफी पितात.

आठ दिवसांत सरांचं कार्ड आलं. अक्षर फळ्यावरच्यासारखं सुटं. खुशाली लिहिली होती आणि खाली एक ओळ: 'कोणते दाणे वापरतात ते विचारून कळवा. फार तेलकट दाणे वापरू नयेत असे त्यांना सांगा.'

त्या कार्डाला मी उत्तर दिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू, असं करत राहिलो. काय लिहिणार होतो? पुढच्या श्रावणात टेंभुर्णीच्या बसमध्ये कंडक्टरनं मला सांगितलं, "तुमच्या वळखीचे ते खरात मास्तर गेले की. काविळीनं. तालुक्याला नेऊन राह्यले होते, नदीला पाणी होतं, अलीकडंच थांबावं लागलं." कमळाबाई मुलांना घेऊन माहेरी गेल्या होत्या. कुठल्या गावाला, हे कंडक्टरला माहीत नव्हतं.

मला ते शेवटचे दिसले ते त्या दिवाळीच्या सुट्टीतच, मशीन घेऊन मी निघालो तेव्हा. गावाच्या फाट्यावर एस.टी. थांबली. कंडक्टर म्हणाला, एवढं आत चालणार नाही, टपावर टाका. मी हमाली करणारा कुणी दिसतो का पाहत होतो, तोवर सर स्वतःच शिडीवरून वर चढले. पोत्यात बांधलेलं मशीन त्यांनी दोन ट्रंकांच्या मध्ये बसवलं, चक्की त्याला टेकवली, दोर गाठी मारून आवळला. पुन्हा सोडला, पुन्हा आवळला. कंडक्टरनं हाका मारल्या, "मास्तर, जल्दी करा, टाइम झाला!" ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला. वरून फक्त त्यांच्या पावलांचा पत्र्यावरचा आवाज येत होता. इकडून तिकडं, परत इकडं.

शेवटी ते उतरले. हाताला गंज लागला होता, तो धोतराला नको म्हणून त्यांनी हात तसेच अंगापासून लांब धरले. मी खिडकीतून डोकं काढून म्हणालो, "येतो सर. पत्र टाकतो." गाडी हलली. ते रस्त्याच्या मधोमध आले आणि मान वर करून पाहत उभे राहिले. मी हात हलवला, पण त्यांची नजर माझ्या खिडकीवर नव्हती. ती टपावर होती. वळण येईपर्यंत ते तसेच उभे होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. गाठी मोजत असावेत.